टॅपिंग रीव्ह, लिचफिल्डचं लॉ स्कूल आणि एलिझाबेथ फ्रीमनची केस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कायद्याच्या इतिहासावर मराठीत लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते टॅपिंग रीव्हबद्दल. विचारणारी बरीचशी लॉची मुलं असतात, काही तिकडे अमेरिकेत राहणारी आपली माणसं. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवलेत. सोपे आधी घेतलेत, वादाचे नंतर.

हा टॅपिंग रीव्ह नक्की कोण?

१७४४ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर जन्मलेला एका पाद्र्याचा मुलगा. पुढे कनेक्टिकट राज्यातल्या लिचफिल्ड नावाच्या छोट्या गावात आधी वकील, मग कायद्याचा शिक्षक, १७९८ पासून सुपीरियर कोर्टाचा जज आणि १८१४ मध्ये राज्याचा चीफ जस्टिस. १८१६ ला कोर्टातून निवृत्त झाला पण वर्गावर जाणं त्यानंतरही काही वर्षं चालूच ठेवलं, आणि १८२३ च्या डिसेंबरमध्ये लिचफिल्डलाच वारला. संविधान लिहिणाऱ्यांमध्ये तो नव्हता, वॉशिंग्टनमध्ये कुठल्या मोठ्या पदावर नव्हता, म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव सापडत नाही. पण त्याच्या लॉ स्कूलमधून हजाराहून जास्त मुलं कायदा शिकून देशभर गेली आणि माझ्या मते त्याचा खरा प्रभाव तिथे शोधायला हवा.

तो स्वतः कायदा कुठे शिकला? तेव्हा कॉलेजं नव्हती ना?

कायद्याची नव्हती. रीव्ह १७६३ ला कॉलेज ऑफ न्यू जर्सीमधून ग्रॅज्युएट झाला (आजचं प्रिन्स्टन), मग काही वर्षं शाळामास्तर होता. त्याच काळात त्या कॉलेजच्या दिवंगत अध्यक्षांची दोन अनाथ मुलं, सॅली बर आणि तिचा धाकटा भाऊ अ‍ॅरन बर, यांना तो शिकवायचा. सॅलीशी पुढे त्याचं लग्न झालं. मग हार्टफर्डला जेसी रूट नावाच्या वकिलाच्या हाताखाली राहून तो कायदा शिकला आणि १७७२ ला सनद मिळाल्यावर लिचफिल्डला येऊन राहिला.

तेव्हा वकील व्हायची पद्धतच ती होती. एखाद्या नावाजलेल्या वकिलाच्या ऑफिसात दोन-तीन वर्षं काढायची, कागद नकलून द्यायचे, फाइली लावायच्या आणि वेळ मिळेल तेव्हा त्याच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. मालक चांगला असला तर शिकवायचा, नाहीतर नुसती कारकुनी. आपल्याकडे आज ज्युनिअरशिप करणाऱ्या पोरांना हे चित्र वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतलं पहिलं लॉ स्कूल रीव्हचंच का? काही ठिकाणी व्हर्जिनियाचं नाव वाचलं.

दोन्ही बरोबर, फक्त "पहिलं" कशाला म्हणायचं ते ठरवा. व्हर्जिनियात विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७९ ला जॉर्ज वाइथला कायद्याचा प्राध्यापक नेमलं, त्यामुळे कॉलेजमधला पहिला कायदा विभाग तो. रीव्हचा पहिला विद्यार्थी म्हणजे त्याचा मेहुणा अ‍ॅरन बर, तो १७७४ ला आला आणि वर्षभरात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं म्हणून लढायला निघून गेला. नंतर मुलं वाढत गेली, घराच्या बैठकीत मावेनात, तेव्हा रीव्हने १७८४ मध्ये घराशेजारी एका खोलीची लाकडी शाळा बांधली. फक्त कायदा शिकवण्यासाठी उभी राहिलेली आणि देशभरातून मुलं येणारी पहिली स्वतंत्र संस्था म्हणाल तर ती लिचफिल्डची. हार्वर्डचं लॉ स्कूल १८१७ चं आहे, म्हणजे बरंच नंतरचं.

तिथे शिकवायचे कसं? डिग्री मिळायची का?

डिग्री नव्हती. साधारण १४ महिन्यांचा कोर्स, पहिल्या वर्षाची फी १०० डॉलर आणि दुसऱ्या वर्षाची ६०. रोज सकाळी दीडेक तास लेक्चर, मुलं भराभर नोट्स घ्यायची आणि दुपारी बसून त्या संदर्भांसकट फेअर करायची. कोर्स संपला की त्या वह्या चामड्याच्या पुठ्ठ्यात बांधून घ्यायच्या आणि सोबत न्यायच्या, वकिली सुरू केल्यावर तीच त्यांची लायब्ररी, कारण छापील पुस्तकं महाग आणि अमेरिकन कायद्यावरची तर जवळपास नव्हतीच. आठवड्याला मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटूपुटूचा खटला) व्हायचं. १७९८ ला रीव्ह जज झाला तेव्हा त्याने आपलाच विद्यार्थी जेम्स गूल्ड याला जोडीला घेतलं.

यातली मोठी गोष्ट म्हणजे विषयांची मांडणी. करार, नवरा-बायको, मालक-नोकर, मृत्युपत्र, पुरावा असे विषय पाडून, प्रत्येकात तत्त्व काय, अपवाद काय, इंग्लंडचा नियम काय आणि कनेक्टिकटमध्ये आपण कुठे वेगळे आहोत, असं ओळीने शिकवलं जायचं. आणि एक गोष्ट मला फार भावते. रीव्हचा आवाज कधीतरी गेला होता, तो कायम कुजबुजल्यासारखं बोलायचा, तरी वर्ग इतका शांत असायचा की सगळ्यांना नोट्स घेता यायच्या.

एलिझाबेथ फ्रीमनची केस काय होती? जरा नीट सांगा.

हा भाग सविस्तरच सांगायला हवा.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शेफिल्ड गावात कर्नल जॉन अ‍ॅशली नावाचा मोठा जमीनदार होता, तो जजही राहिलेला. त्याच्या घरी बेट नावाची एक गुलाम बाई होती. अ‍ॅशलीच्या बायकोने एकदा रागाच्या भरात चुलीतलं तापलेलं फावडं बेटच्या बहिणीवर उगारलं (काही ठिकाणी बहिणीऐवजी मुलगी असं लिहिलेलं सापडतं), बेट मधे पडली आणि तो घाव तिने हातावर घेतला. तो व्रण तिने नंतर कधीच झाकला नाही, कोणी विचारलं की बाईसाहेबांनाच विचारा म्हणायची.

१७८० ला मॅसॅच्युसेट्सचं नवं संविधान आलं आणि त्यात पहिल्याच कलमात लिहिलं होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. बेटला लिहिता-वाचता येत नव्हतं पण कान होते, अ‍ॅशलीच्याच घरात स्वातंत्र्याच्या बैठका व्हायच्या आणि तिथे जेवण वाढताना ती ऐकायची. ती उठली आणि थिओडोर सेजविक या तरुण वकिलाकडे गेली, की हा कायदा मला लागू होतो की नाही? सेजविकने केस घेतली, त्याच घरातल्या ब्रॉम नावाच्या गुलाम पुरुषालाही वादी केलं आणि मदतीला शेजारच्या राज्यातून टॅपिंग रीव्हला बोलावलं.

आता वकिलीतली खुबी बघा. त्यांनी रिप्लेव्हिनची रिट काढली. ही रिट असते वस्तूंसाठी, म्हणजे माझी गाय तुझ्याकडे बेकायदा अडकलीय, ती सोड. शेरीफला हुकूम गेला की ब्रॉम आणि बेट या दोघांना सोडवून आण, अ‍ॅशली म्हणाला देत नाही, ते माझे आयुष्यभराचे नोकर आहेत. त्याच्या या उत्तरामुळे कोर्टासमोर नेमका हवा तोच प्रश्न आला, की अ‍ॅशलीचा त्यांच्यावर कायदेशीर हक्क आहे का? मारहाण झाली का, मालक वाईट आहे का, हे सगळं बाजूला. नव्या संविधानाखाली माणूस मालकीचा होऊ शकतो का, एवढंच उरलं.

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या काउंटी कोर्टात ज्युरीने निकाल दिला की हे दोघे अ‍ॅशलीचे कायदेशीर गुलाम नाहीत आणि रिट निघाली तेव्हाही नव्हते, वर ३० शिलिंग नुकसानभरपाई. अ‍ॅशलीने आधी अपील केलं आणि मग सोडून दिलं. परत ये, पगार देतो, असंही तिला सांगून झालं पण ती गेली नाही. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं, सेजविकच्या घरी पगारावर काम केलं, पुढे स्वतःचं घर घेतलं, आणि १८२९ ला वारल्यावर तिला स्टॉकब्रिजला सेजविक कुटुंबाच्या कबरींमध्ये जागा मिळाली.

पण ती केस तर सेजविकची ना? रीव्हला उगाच श्रेय देतात का?

मुख्य वकील सेजविकच होता, आणि त्याच्याही आधी ही केस बेटची होती, हे विसरू नका. कोर्टात कोण काय बोललं याची शब्दशः नोंद नाही, त्यामुळे अमुक युक्तिवाद रीव्हचाच असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रेकॉर्डवरून नक्की म्हणता येतं ते एवढंच की रीव्ह वादींच्या बाजूने उभा होता. स्थानिक बड्या माणसाविरुद्ध, निकालाची काही खात्री नसताना आणि वादींकडे पैसा नसताना. तेवढं श्रेय त्याचं आहे.

या निकालाने मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी संपली का?

एकट्या या निकालाने नाही, हा खालच्या कोर्टाचा होता. त्याच सुमारास क्वॉक वॉकर नावाच्या माणसाच्या केसेस चालू होत्या आणि १७८३ मध्ये राज्याचा चीफ जस्टिस विल्यम कुशिंग याने ज्युरीला सांगितलं की आपल्या संविधानाशी गुलामगिरी जुळत नाही. दोन्ही मिळून हवा फिरली. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सने गुलामांचा आकडा शून्य दाखवला.

रीव्हच्या स्वतःच्या कनेक्टिकटमध्ये मात्र असं झालं नाही, हे आवर्जून सांगतो कारण बरेच जण दोन राज्यांची गल्लत करतात. तिथे १७८४ चा कायदा हप्त्याहप्त्याने मुक्ती देणारा होता, त्या वर्षीच्या १ मार्चनंतर जन्मलेली मुलं २५ वर्षांची झाल्यावर मोकळी, १७९७ ला ते वय २१ केलं, आणि गुलामगिरी पूर्ण बंद व्हायला १८४८ उजाडलं. रीव्ह तोवर जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती.

"बॅरन अँड फेम" म्हणजे काय? सरदार-बिरदार काही आहे का?

नाही. जुन्या इंग्लिश कोर्टांच्या फ्रेंचमध्ये बॅरन म्हणजे नवरा आणि फेम म्हणजे बायको. नवरा-बायको, आईबाप-मुलं, पालक-अज्ञान आणि मालक-नोकर या नात्यांच्या कायद्यावर रीव्हने १८१६ ला पुस्तक काढलं, ते याच नावाने ओळखतात. कुटुंबाच्या कायद्यावरचं अमेरिकेतलं हे पहिलं मोठं पुस्तक. १८४६ आणि १८६२ ला त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, म्हणजे लेखक गेल्यावर जवळपास चाळीस वर्षांनीसुद्धा वकील ते वापरत होते.

तेव्हा लग्न झालेल्या बाईची कायद्यात काय स्थिती होती?

इंग्लिश कॉमन लॉमध्ये (कोर्टांच्या निकालांतून घडत गेलेला कायदा) कव्हर्चर नावाचं तत्त्व होतं, लग्न झालं की बायकोचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या आडोशाला जातं. तिची जंगम मालमत्ता, पैसे, दागिने, भांडीकुंडी, सगळं नवऱ्याचं. तिने कमावलेली मजुरी नवऱ्याची. जमीन नावाला तिची राहायची पण लग्न टिकेपर्यंत उत्पन्न त्याचं. स्वतःच्या नावाने करार नाही, दावा नाही. इंग्लंडचा कायदेपंडित ब्लॅकस्टोन याने हे फार सुबक शब्दांत मांडून ठेवलं होतं की कायद्याच्या नजरेत नवरा-बायको ही एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती अर्थातच नवरा.

गोव्यातल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, कारण तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची मिळून धरतात. इंग्लिश कायदा पार दुसऱ्या टोकाला होता.

मग रीव्हने यात वेगळं काय सांगितलं?

त्याने हा कायदा मोडून टाका असं म्हटलं नाही. त्याने एकेक नियम घेतला आणि विचारलं की "एकच व्यक्ती" या तत्त्वातून हा नियम खरंच निघतो का? बायकोने गुन्हा केला तर शिक्षा तिला होते, नवऱ्यासोबत सही करून ती जमीन विकू शकते, मग तिला अस्तित्वच नाही असं कसं म्हणता? त्याच्या मते बायकोवरच्या बंधनांमागे खरं कारण दुसरंच होतं, ती नवऱ्याच्या दबावाखाली आहे असं कायदा गृहीत धरतो. या दोन कारणांत फार मोठा फरक आहे. अस्तित्वच नाही म्हटलं की विषय संपला, पण दबाव आहे म्हटलं की कायद्याने तिला त्यापासून वाचवायला हवं, आणि जिथे दबावाचा प्रश्नच येत नाही तिथे बंधन कशाला?

मृत्युपत्राचा मुद्दा सगळ्यात गाजला. विवाहित बाईला स्वतःच्या जमिनीचं मृत्युपत्र करता येतं की नाही? रीव्हचं उत्तर, येतं. मृत्युपत्र लागू होतं ती गेल्यावर, नवऱ्याचा कायदेशीर हक्क त्यातून कमी होत नाही, मग अडवायचं कुठल्या आधारावर?

त्याच्या पुस्तकामुळे कनेक्टिकटमध्ये कायदा बदलला असं वाचलं, खरं आहे?

तारखा जुळत नाहीत. १८०५ मध्ये कनेक्टिकटच्या वरच्या कोर्टाने फिच विरुद्ध ब्रेनर्ड या केसमध्ये विवाहित बाईला जमिनीचं मृत्युपत्र करता येत नाही असं ठरवलं. १८०९ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ते फिरवलं आणि तिला तो हक्क दिला. पुस्तक आलं १८१६ ला, सात वर्षं नंतर. तेव्हा पुस्तकामुळे बदलला म्हणणं चूक. मात्र तो वर्गात हा विषय कितीतरी आधीपासून शिकवत होता आणि त्याची मुलं कोर्टात आणि विधिमंडळात बसलेली होती, त्यामुळे काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे मोठे कायदे पुढे आले, मिसिसिपीत १८३९, न्यूयॉर्कमध्ये १८४८, आणि खुद्द कनेक्टिकटमध्ये पूर्ण स्वरूपात १८७७.

पुस्तकात गुलामांबद्दल काही आहे का?

आहे, मालक-नोकर भागात, आणि ते वाचण्यासारखं आहे. कनेक्टिकटमधल्या गुलामाची स्थिती सांगताना रीव्ह लिहितो की कोणी मृत्युपत्राने काही ठेवलं तर गुलाम ते स्वतःचं म्हणून ठेवू शकत होता, मालकाने ते बळकावलं तर दुसऱ्याच्या मार्फत मालकावरच दावा लावू शकत होता. आणि गुलामाने मालकाच्या संमतीने स्वतंत्र बाईशी लग्न केलं तर तो मुक्त धरायचा, कारण मालकाने त्याला असं नातं जोडू दिलं जे गुलामीशी जुळतच नाही. वरच्या रिप्लेव्हिनच्या उत्तराशी हे ताडून बघा, डोकं तसंच चालतंय, मालकांच्याच नियमात मालकांना अडकवायचं.

मुलींना त्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश होता का?

नाही. पण त्याच गावात सारा पिअर्स हिने १७९२ मध्ये मुलींची शाळा काढली, लिचफिल्ड फीमेल अकॅडमी, आणि तिथे शिवणकाम-चित्रकलेसोबत इतिहास, भूगोल, विज्ञानसुद्धा शिकवायचे. दूरदूरच्या राज्यांतून मुली यायच्या. कॅथरिन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या बहिणी तिथल्याच, त्यांचे वडील लायमन बीचर गावचे पाद्री आणि रीव्हचे जवळचे. विवाहित स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दल इंग्लिश कायद्याला जाब विचारणारा पहिला मोठा वकील म्हणून पुढे रीव्हचं वर्णन केलं गेलं.

त्याच्यावर राष्ट्राध्यक्षाची बदनामी केल्याचा आरोप होता म्हणे?

हो. रीव्ह कट्टर फेडरलिस्ट, म्हणजे जेफरसनच्या विरोधी पक्षाचा. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने स्थानिक पेपरात टोपणनावाने जेफरसनवर कडक लिहिलं आणि १८०६ मध्ये फेडरल कोर्टात त्याच्यावर आरोप ठेवला गेला. त्या कोर्टाचा जज होता पिअरपाँट एडवर्ड्स, म्हणजे रीव्हच्या दिवंगत पत्नीचा सख्खा मामा. रीव्हवरची केस पुढे गेली नाही. त्याच वेळच्या दुसऱ्या आरोपींची केस, हडसन अँड गुडविन, सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली आणि १८१२ मध्ये कोर्टाने सांगितलं की विधिमंडळाने कायदा करून गुन्हा ठरवल्याशिवाय फेडरल कोर्ट नुसत्या कॉमन लॉच्या आधारावर कोणाला गुन्हेगार ठरवू शकत नाही. हे तत्त्व आजही टिकून आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. १७९८ चा सरकारविरोधी लिखाणावरचा कायदा रीव्हच्याच पक्षाने आणला होता, तेव्हा त्याला सरसकट लेखनस्वातंत्र्याचा नायक करू नका.

दारूबंदीशी त्याचा काय संबंध?

लायमन बीचर यांनी लिचफिल्डमध्येच दारूविरोधात प्रवचनं दिली, ती छापून देशभर गेली. रीव्ह त्या धार्मिक-नैतिक सुधारणेच्या वर्तुळातला होता. यापेक्षा जास्त त्याच्या नावावर टाकू नये असं मला वाटतं.

जॉन कॅलहून त्याचाच विद्यार्थी ना? मग गुलामगिरीविरोधी शिक्षक कसा म्हणायचा?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि तो विचारलाच पाहिजे. होय, गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं पुढे सिनेटमध्ये सांगणारा कॅलहून लिचफिल्डला शिकून गेला. दक्षिणेतल्या श्रीमंत घरांतली मुलं तिथे मोठ्या संख्येने यायची, त्यांच्या फीवरही शाळा चालायची. आणि त्याच वर्गातून रॉजर शर्मन बाल्डविनही निघाला, ज्याने अमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकन माणसांची केस खालच्या कोर्टापासून लढवली आणि १८४१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्ससोबत सुप्रीम कोर्टात जिंकली. सरकारी शाळांसाठी आयुष्य घालवणारा होरेस मानही लिचफिल्डचाच, पण तो आला तेव्हा रीव्हने शिकवणं थांबवलं होतं, गूल्डचा काळ होता.

रीव्हने मुलांना मतं दिली नाहीत, हत्यार दिलं, तत्त्व धरून नियम तपासायचं. ते बाल्डविनने एका बाजूने चालवलं, कॅलहूनने दुसऱ्या. त्यामुळे "त्याचे विद्यार्थी थोर म्हणून तो थोर" हा हिशोब मला पटत नाही, तो लावला तर कॅलहूनही त्याच्याच खात्यात जातो. रीव्हला मोजायचं असेल तर १७८१ ला तो कोणाच्या बाजूने उभा राहिला आणि १८१६ ला त्याने काय लिहिलं त्यावर मोजा.

मराठी माणसाचा याच्याशी काही संबंध आहे का?

रीव्हशी थेट काही नाही, ओढूनताणून जोडू नये. पण अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लढ्याशी आपला संबंध खरा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या, तिथे अडीच वर्षांहून जास्त राहिल्या, फिरल्या आणि परत आल्यावर तिथल्या बायकांच्या स्थितीवर मराठीत सविस्तर लिहिलं.

आता तिथे बघायला काही आहे का?

आहे. शाळा १८३३ ला बंद पडली पण रीव्हचं १७७३ चं घर आणि शेजारची शाळेची खोली लिचफिल्डच्या हिस्टॉरिकल सोसायटीने म्युझियम म्हणून जपलीय. शेफिल्डला कर्नल अ‍ॅशलीचं घरही उभं आहे, गाडीने गेलात तर एका दिवसात दोन्ही होतात. जमलं तर पुढे स्टॉकब्रिजलाही जा, एलिझाबेथ फ्रीमनची कबर तिथे आहे.